आकाशाचं चित्र येईपर्यंत

३ ऑक्टोबर १९९८

नागनाथ,

तासभर थांबून चौथ्यांदा बटण दाबलं तेव्हा ऑफिसातले सुधाकरराव खुर्ची ओढून दाराशी जाऊन बसले. आधी काळा पडदा, मग पांढरी अक्षरं, मग निळं आकाश आणि त्यात ढग. आकाश दिसल्यापासून मी मोजत होतो. सतराव्या आकड्याला आत टक् असं वाजलं आणि सगळं गेलं. उजेड गेला, आवाज गेला, हिरवा दिवाही गेला.

"मेली," सुधाकरराव म्हणाले.

सहा वर्षांनी पत्र लिहितोय आणि सुरुवात ही अशी. दुसरी सुचली नाही.

तुझा पत्ता पंचफुलाकाकूनं दिला. दसऱ्याला ती वस्तीच्या गाडीबरोबर दीक्षाभूमीवर आली होती, तू तिला भेटलास, चहा पाजलास, सीताबर्डीतल्या दुकानात तू कॉम्प्युटर दुरुस्त करतोस हे सांगितलंस. ती आज सकाळी परत आली आणि ऑफिसात झाडू हातात घेण्याआधी तिनं ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. "नागोबाचा पत्ता हाये. पाहिजे तर ठेव," म्हणाली. तासाभरानं मशीन बंद पडली.

आमच्या मंडल ऑफिसात ही कॉम्प्युटरची मशीन ऑगस्टमध्ये आली. मला आदिलाबादला दहा दिवस शिकायला पाठवलं होतं. तेव्हापासून मी पहाणीच्या खोलीतून, जमिनीच्या वह्यांपुढून उठून हिच्यापुढे बसतो. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले आता हातानं लिहायचे नाहीत, हिच्यातून काढायचे असा हुकूम आहे. दिवाळीआधी कलेक्टरचा मुआयना, तपासणी आहे. कंपनीचा माणूस हैदराबादहून यायला वीस दिवस लागतील म्हणतात. डब्याला त्यांचं सील आहे, उघडता येत नाही.

मंडलाच्या साहेबांनी विचारलं, किसने हाथ लगाया. सुधाकररावांनी लगेच सांगितलं. पंचफुलाकाकूनं सकाळी मशीनचं टेबल ओल्या फडक्यानं पुसलं होतं. ते खरं आहे. टेबलावर कुंकू आणि तांदूळ पडले होते. पाणी आत गेलं असेल, असं सुधाकररावांचं म्हणणं. गेलंही असेल, मला काय कळतं.

काकू अकरा वर्षं रोजंदारीवर झाडते. यंदा तिचं नाव कायम करायच्या यादीत आहे. यादी या महिन्यात आदिलाबादला जायची आहे. साहेब म्हणाले, सरकारी मशीन बिघडवणाऱ्या बाईचं नाव मी कसं पाठवू?

मशीन काऊन बंद पडते एवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मारोती


८ ऑक्टोबर

नागनाथ,

कार्ड मिळालं. चार प्रश्न, खाली पत्ता. वर माझं नाव नाही. दादा तर नाहीच. ठीक आहे.

पहिला प्रश्न. सकाळी पहिल्यांदा सुरू केली तर आकाशाचं चित्र येतं आणि मग बंद पडते. घड्याळ लावून पाहिलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

दुसरा. बंद पडल्या पडल्या पुन्हा लावली तर अर्धा मिनिटही चालत नाही. अक्षरं अर्धवट राहतात.

तिसरा. तासभर थांबून लावली तर पुन्हा आकाशापर्यंत जाते. स्टॅबिलायझर काढून थेट लावली तरी तेवढीच.

चौथा. आत काही गेलं का? नाही.

तू म्हणालास तसं रोज एकाच वेळी करतो. दहा जण खिडकीशी उभे असतात. दाखल्यासाठी आलेली मुलं, त्यांचे बाप. आकाश दिसलं की कुणीतरी "आली आली" म्हणतं. मग टक्. मग हसतात. काल सोनाळ्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "आमच्या जातीचं नाव आयकूनच बंद पडून राह्यली का ते?" सगळे हसले. मीही हसलो. मग संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडाला त्या हसण्याची चव राहिली, कुजक्या शेंगदाण्यासारखी.

काकूला मशीनच्या खोलीत यायची मनाई झाली आहे. ती उंबऱ्यापर्यंत झाडते आणि थांबते. आत कुणी झाडत नाही. खंडेनवमीला ऑफिसात पूजा झाली होती. फोडलेल्या नारळाची एक वाटी अजून खिडकीत आहे, तिच्यात पाणी आहे आणि पाण्यावर साय आली आहे. मुंग्या मेल्या आहेत. मी दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसतो. ती मी टाकू शकतो. टाकत नाही.

पूजेचं विचारशील म्हणून आधीच लिहितो. मी तिथे होतो. नोकरीच्या वेळेत होती, म्हणून होतो.

काल साहेबांनी मला बोलावलं. "तुम्हारा हैंडरैटिंग अच्छा है," म्हणाले. काकूचा जबाब लिहायला सांगितला. मी लिहिला. मराठीत, तिला वाचून दाखवता यावा म्हणून. ती समोर उभी होती. पदर खोचलेला, हातात झाडू तसाच.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"मशीनचं टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, असं लिहिलं."

"पुसलं तर पुसलं. खोटं नाई."

तिनं अंगठा केला. शाई पुसायला आजूबाजूला काही नव्हतं. भिंतीला हात लावायची तिला भीती वाटली असावी. तिनं अंगठा केसांना पुसला.

खाली आणखी एक ओळ होती. 'माझ्या निष्काळजीपणामुळे सरकारी यंत्राचे नुकसान झाले हे मला मान्य आहे.' ती ओळ मी वाचून दाखवली नाही. साहेबांनी सांगितली होती म्हणून लिहिली. अक्षर चांगलं आलं.

पुढे काय करू ते कळव.

मारोती


१३ ऑक्टोबर

नागनाथ,

तुझं दुसरं कार्ड काल आलं. पोस्टमन नसल्यानं सुधाकररावच फाट्यावरून डाक घेऊन आले. त्यांनी ते वाचलं की नाही ते मला कळलं नाही. कार्ड उघडंच असतं.

तू लिहिलंस, मशीन गरम होऊन बंद पडते, पाण्यानं नाही. पाणी असतं तर ती दोन मिनिटंसुद्धा चालली नसती, आणि एव्हाना वाळून गेलं असतं. थोडी निवली की जास्त चालते, यावरूनच कळायला हवं. मागच्या बाजूच्या जाळीपाशी कागदाची पट्टी धर, आत पंखा आहे, तो हवा आत ओढतो. पट्टी जाळीला चिकटली तर पंखा फिरतोय. नाही चिकटली तर बॅटरी लावून आत बघ. आणि शेवटी, 'काय दिसतं ते खरं लिही.'

पट्टी धरली. चिकटली नाही. हातात लोंबत राहिली.

बॅटरी लावून पाहिलं. कचरा दिसला.

तुझं कार्ड मी साहेबांना दाखवलं नाही. पाण्यानं नाही, एवढं वाक्य दाखवलं असतं तर काकूचा प्रश्न मिटला असता असं तुला वाटेल. तसं नाही. त्यांनी विचारलं असतं, मग कशानं? कार्ड माझ्या खिशात आहे. घामानं शाई पसरली आहे.

भागीरथा विचारते, भावजी काय म्हणतात. मी म्हणतो, मशीनचं म्हणतात. ती म्हणते, "एवढ्या वर्षानं भाऊ भावाले मशीनचंच लिवते?" मग ती भाकरीकडे बघते.

तू काही विचारलं नाहीस, तरी लिहितो. बाबा नोकरीत असताना गेले तेव्हा घरातल्या एकाला जागा मिळणार होती. तुझं इंटर झालं होतं, तुला द्यायची असं आईसमोर ठरलं. मी म्हटलं, अर्जी मी टाईप करून आणतो. आदिलाबादला गेलो आणि माझ्या नावाची टाकली. तुला वाटतं मी आधीपासून ठरवलं होतं. नव्हतं. टाईप करणाऱ्यानं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून माझं निघालं. मग ते मी बदललं नाही. एवढंच झालं. तोंडून निघालेलं बदलायचं नाही, ही माझी रीत.

मी पंखा साफ करून बघतो.

मारोती


१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

नागनाथ,

मशीन चालली. सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत एकदाही बंद पडली नाही. एकतीस दाखले काढले. मी हे आनंदानं लिहीत नाही.

कचरा नव्हता. जाळीतून आत कापसाचं वस्त्र गेलं होतं. देवाला घालतात ते, कापसाचे मणी करून, मध्ये कुंकू लावून केलेलं. पंख्याच्या दांडीला गुंडाळून घट्ट बसलं होतं. त्याचं एक टोक जाळीपाशी होतं. फायली शिवायच्या दाभणानं मी ते टोक धरलं आणि ओढलं. कुणी यायच्या आत, सकाळी साडेनऊला. वीतभर निघालं, मग आणखी वीतभर. कुंकू तेलात मिसळून काळं झालं होतं. हाताला चिकटत होतं. आतून निघालेल्या आतड्यासारखं दिसत होतं. मी ते कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि हात तीनदा धुतले.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पहिल्या पत्रात तुला विचारलं, काऊन बंद पडते. मला माहीत होतं. पंखा अडला की मशीन गरम होते हे नव्हतं माहीत, पण वस्त्र आत गेलंय हे माहीत होतं. तुझ्याकडून मला दुसरंच काही कारण हवं होतं. व्होल्टेज, धूळ, काहीही. तू विचारलंस, आत काही गेलं का, मी लिहिलं, नाही.

आता पूजेचं लिहितो.

दरवर्षी खंडेनवमीला ऑफिसातले आपल्यातले लोक दाराबाहेर उभे राहतात. बाबाही राहायचे. आत आरती होते, मग खोबऱ्याचा तुकडा बाहेर येतो. काही लोक खातात, काही फेकतात. बाबा खिशात ठेवायचे आणि घरी येताना नाल्यात टाकायचे. यंदा मशीन नवी होती. साहेबांना ती चालू ठेवूनच पूजा करायची होती, पडद्यावर उजेड दिसला पाहिजे म्हणून. सुधाकररावांच्या घरून, त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी केलेलं वस्त्र आलं होतं. साहेब म्हणाले, "ऑपरेटर डालेगा. मशीन उसका है."

सुधाकरराव थांबले. एवढंसंच थांबले. मग त्यांनी वस्त्र उंच धरलं आणि वरून माझ्या तळहातावर सोडलं. बोटाला बोट लागू न देता.

वस्तीची गाडी त्याच दुपारी नागपूरला निघाली. काकूनं माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरली होती. मी सांगितलं, ऑफिसचं काम आहे, सुट्टी नाही. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा, देव पुजणार नाही त्या, आईनं आपल्याकडून घोकून घेतल्या होत्या. तू अडखळायचास, मी नाही. मी ते वस्त्र मशीनला घातलं. हळद लावली, कुंकू लावलं. हात जोडले.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यात किळस येते. कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणू शकलो असतो. केली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीच्या आत, सगळ्यांच्या पुढे उभा होतो, आणि ते लोक माझ्यामागे उभे होते, आणि मला बरं वाटलं.

आरती चालू असताना वस्त्राचं टोक मागे सरकताना मी पाहिलं. हळूहळू, कुणी बोटानं ओढावं तसं ते जाळीत जात होतं. हात पुढे करून काढलं असतं तर निघालं असतं. पण पूजेचं वस्त्र त्याच दिवशी काढत नाहीत. आणि माझ्या हातानं काढलं तर काय म्हणतील? घातलं ते खपलं होतं, काढलेलं खपलं नसतं. मी टाळ्या वाजवत राहिलो. सुट्टीनंतर वस्त्र दिसत नव्हतं. कुणी विचारलं नाही. उंदरानं नेलं असेल असं समजले असतील.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा शर्टाच्या बाहीला कुंकू होतं. भागीरथेनं तो शर्ट अजून धुतलेला नाही. खुंटीला तसाच आहे.

मला वाटलं होतं, गुपचूप काढलं की मशीन चालेल, मशीन चालली की जबाबाचं काही उरणार नाही, काकूचं नाव यादीत राहील आणि मला काही सांगावं लागणार नाही. मशीन चालली. खिडकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब आले, खुश झाले. तेव्हा सुधाकरराव सगळ्यांसमोर म्हणाले,

"पाहा, म्या म्हणलं होतं. बारा दिवस बाई आत आली नाई, तर मशीन आपोआप बरी झाली."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना पटलं. खिडकीतला एक जण म्हणाला, "व्हय, काही काही लोकायचा हात लाभत नाई." तो आपल्याच वस्तीचा होता. दाखल्यासाठी आला होता.

साहेबांनी यादी मागवली. काकूच्या नावावर लाल रेघ मारली आणि मला म्हणाले, नवीन कॉपी निकालो, कंप्यूटर चालू है ना. मी काढली. सहा नावं होती, पाच राहिली. माझ्याच बोटांनी एक बटण दाबून ते नाव काढलं. मशीन मधेच बंद पडावी असं वाटत होतं. पडली नाही. छान चालत होती. कागद गरम निघाला.

काकू उंबऱ्याबाहेर झाडत होती. तिनं ऐकलं. झाडू थांबला नाही.

घरी आल्यावर मी भागीरथेला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "आता हे भावजीले लिवून काय होते? भावजी काय तुमच्या ऑफिसात हाये का?"

जीप यादी घेऊन उद्या साडेदहाला आदिलाबादला निघते. पत्र बंद करत नाही. उद्या ऑफिसातून आल्यावर पोस्टात टाकीन. काय होईल ते खाली लिहीन, जे होईल तेच.


१६ ऑक्टोबर

सकाळी दहाला मी वस्त्र साहेबांच्या टेबलावर, कागद उघडून ठेवलं. सांगितलं की हे पंख्यात होतं, हे मी घातलं, आत जाताना मी पाहिलं, आणि काल मीच काढलं. तुझी दोन्ही कार्डं ठेवली. सुधाकरराव वाकून बघत होते. म्हणाले, "सवय नाई ना तुमाले पूजेची. आमच्या हातानं घातलं असतं तर असं झालं नसतं." साहेब म्हणाले, "तो मैं क्या लिखूँ? पूजा से मशीन बिगड़ा?" त्यांनी कुंकवाकडे बघून नाक मुरडलं आणि वस्त्र उचलायला सांगितलं. ते मीच उचललं. मग त्यांनी विचार करून जबाबावर रद्द असं लिहिलं आणि कारण म्हणून व्होल्टेज लिहिलं. पूजेचा उल्लेख कुठेही नाही. जुनी, सहा नावांची यादी जीपमधून गेली. ती गेलेली मी फाट्यापर्यंत चालत जाऊन पाहिली.

मला पुन्हा पहाणीच्या खोलीत बसवलं आहे. मशीनवर बोथच्या ऑफिसातून दुसरा कारकून येणार आहे.

अकराला पंचफुलाकाकू मशीनच्या खोलीत झाडायला आली. मी माझी कागदपत्रं गोळा करत होतो. मी तिला जबाबातली दुसरी ओळ काय होती ते सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम होतं. तू वाचताना अर्ध्यातच थांबलास, कागद तर खालपर्यंत भरला होता." तिनं झाडू पुढे घातला.

"सरक बाजूला. झाडून राह्यले."

मी सरकलो.

मारोती